नेट गेलं तरी अभ्यास थांबू नये : ऑफलाईन चालणारं अभ्यासाचं ॲप कसं बनतं आणि कसं ओळखायचं?

बीबी (ता. लोणार) : सराव पेपरचे चाळीस प्रश्न सोडवून झाले, शेवटी 'सबमिट' दाबलं आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. रेंज गेली. ॲप बंद करून पुन्हा उघडलं तर पेपर कोरा. खेड्यातल्या कितीतरी पोरांना हा अनुभव आहे. दोष पोरांचा नसतो, आणि प्रत्येक वेळी टॉवरचाही नसतो. ॲप बनवणाऱ्यानं 'नेट कायम चालू असणार' असं गृहीत धरलेलं असतं, खरी गडबड तिथं असते.

शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएस, दहावी-बारावी बोर्ड, पोलीस भरती, एमपीएससी या सगळ्यांची तयारी आता मोबाईलवर होते. काही ॲपची वर्षाची फी भरताना घरात विचार करावा लागतो. म्हणून नेट नसताना ॲप कसं चालतं, ते बनवायचं कसं आणि पैसे भरायच्या आधी तपासायचं कसं, याची ही सविस्तर माहिती. गावातल्या शिक्षकांना, पालकांना आणि कोडिंग शिकणाऱ्या पोरांनाही ती उपयोगी पडेल.

'नेट नाही' म्हणजे नेमकं काय?

शहरातला माणूस 'ऑफलाईन' म्हणजे विमानात बसलेला माणूस समजतो. गावात त्याचे चार-पाच प्रकार आहेत.

१. रेंजच नाही. वावरात, नाल्याच्या खोलगटात किंवा टिनाच्या घरात फोन 'नो सर्व्हिस' दाखवतो.

२. रेंजच्या कांड्या दिसतात, पण नेट हलत नाही. हा सगळ्यात फसवा प्रकार. फोनला वाटतं नेट आहे, ॲप वाट पाहत बसतं आणि पोरगं ॲपची वाट पाहत बसतं.

३. रिचार्ज संपला किंवा दिवसाचा डेटा संपला.

४. लाईट गेली आणि फोनची बॅटरी उतरली. लाईट बराच वेळ आली नाही तर टॉवरचा बॅकअपही संपतो.

५. फोनच घरात नाही. एकच स्मार्टफोन, तो बाबांसोबत शेतात किंवा बाजारात.

पाचवा प्रकार ॲप बनवणारे विसरतात. 'असर' २०२१ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हा आकडा ३६.५ टक्के होता. म्हणजे तीन वर्षांत जवळपास दुप्पट. पण घरी फोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. म्हणून चांगल्या ॲपनं नेट वाचवावं आणि वेळही वाचवावा. संध्याकाळी फोन अर्धा तास हातात आला, तर त्यातली दहा मिनिटं लोडिंगमध्ये जाता कामा नयेत.

महाराष्ट्राचा अनुभव : क्यूआर कोड ते दीक्षा

या विषयात आपलं राज्य मागं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. कोड स्कॅन केला की कवितेचा आवाज, धड्याचा व्हिडिओ समोर. या कामाची दखल घेऊन डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राईज' मिळालं. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड आले. देशपातळीवर 'दीक्षा' हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षक दिनी, सुरू झाला. पुस्तकातला कोड दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. कॅमेरा नीट नसेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं-अंक टाईप केले तरी चालतं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. क्यूआर कोडच्या आत धडा नसतो. त्यात फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर जायला पहिल्यांदा नेट लागतंच. मात्र दीक्षामध्ये 'डाऊनलोड' ची सोय आहे. एकदा धडा फोनमध्ये उतरवला की नंतर नेटशिवाय उघडतो. उतरवलेला धडा एका फोनवरून दुसऱ्या फोनवर पाठवताही येतो. म्हणजे वर्गात एकानं नेट खर्च केलं तर बाकीच्यांना फुकटात मिळतं. बरेच पालक दर वेळी व्हिडिओ ऑनलाईनच पाहतात आणि डेटा संपला म्हणून बंद करतात. डाऊनलोडचं बटण वापरलं तर तोच धडा दहा वेळा पाहता येतो.

दीक्षा ज्या पायावर उभं आहे ती 'सनबर्ड' नावाची प्रणाली मुक्त स्रोत आहे. तिचा कोड कुणीही पाहू शकतो, वापरू शकतो. ॲप शिकणाऱ्या पोरांसाठी हा फुकटचा नमुना आहे.

कोरोनात मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या तेव्हा ऑनलाईन वर्गाची मर्यादा सगळ्यांनाच कळली. त्या काळात, जुलै २०२० पासून, पहिली ते आठवीसाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका दाखवली गेली. टीव्हीला डेटा लागत नाही, हाच तिचा मोठा फायदा. पण टीव्ही उत्तरं तपासत नाही आणि धडा मागे नेता येत नाही. ऑफलाईन ॲप ही दोन्ही कामं करू शकतं.

डेटाचा हिशोब : व्हिडिओ, आवाज की मजकूर?

ॲप बनवणाऱ्यानं पहिला हिशोब हा करावा. रेंज कमकुवत असली आणि सेकंदाला १०० किलोबिट एवढाच वेग मिळाला, तर १० मिनिटांच्या अभ्यासाला काय लागतं?

• मोठ्या दर्जाचा व्हिडिओ (सेकंदाला १,५०० किलोबिट) : सुमारे ११२ एमबी, उतरायला अडीच तास.
• लहान दर्जाचा व्हिडिओ (सेकंदाला ३०० किलोबिट) : सुमारे २२ एमबी, उतरायला अर्धा तास.
• फक्त आवाज (सेकंदाला २४ किलोबिट) : सुमारे १.८ एमबी, उतरायला अडीच मिनिटं.
• टाईप केलेले १०० प्रश्न, पर्यायांसह : सुमारे १२० केबी, उतरायला दहा सेकंद.

शेवटचा आकडा असा निघतो : मराठीचं एक अक्षर किंवा मात्रा साठवायला ३ बाइट लागतात. एक प्रश्न आणि चार पर्याय मिळून ४०० अक्षरं धरली तर १,२०० बाइट, म्हणजे १.२ केबी. फाईल दाबून पाठवली तर यापेक्षाही कमी.

यावरून धोरण ठरतं. प्रश्न, उत्तरं आणि स्पष्टीकरण आधी उतरवा, मग आवाज, सगळ्यात शेवटी व्हिडिओ. व्हिडिओ हवाच असेल तर लहान दर्जाचा पर्याय आपोआप निवडलेला असावा. फळ्यावरचं गणित शिकवायला सिनेमाच्या दर्जाचा व्हिडिओ लागत नाही.

शिक्षकांसाठी दोन सूचना. पहिली, वहीच्या पानाचा फोटो काढून नोट्स पाठवल्या तर एकेक पान एक-दोन एमबीचं होऊ शकतं. तोच मजकूर टाईप केला तर काही केबीत बसतो, वर तो शोधताही येतो. दुसरी, मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाईलवर अगम्य चिन्हं होऊन दिसतो. जुन्या फायली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

ॲप आतून कसं असावं?

ऑफलाईन ॲपचा मुख्य नियम एकच : आधी फोनमध्ये लिहा, नेट आल्यावर वर पाठवा. गावातली दूध डेअरी आठवा. दूध आलं की माप लगेच रजिस्टरमध्ये पडतं. संघाच्या ऑफिसचा फोन लागेपर्यंत कुणी कॅन घेऊन उभं राहत नाही. हिशोब नंतर वर जातो. ॲपचंही तसंच हवं.

*१) रजिस्टर फोनमध्येच.* पोरानं एका प्रश्नाचं उत्तर निवडलं की त्याच क्षणी ते फोनच्या आतल्या साठ्यात लिहिलं गेलं पाहिजे. पेपर संपायची किंवा 'सबमिट' ची वाट पाहायची नाही. यासाठी 'एसक्यूलाईट' नावाचा छोटा डेटाबेस वापरतात. तो फुकट आहे आणि अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतो. फोन मध्येच बंद पडला तरी एकोणचाळीस उत्तरं जागेवर राहतात.

*२) पाठवायची रांग.* फोनमध्ये लिहिलेली प्रत्येक नोंद एका रांगेत लागते. नेट आलं की रांगेतली पहिली नोंद वर जाते, सर्व्हरकडून पोच आली की रांगेतून निघते, मग दुसरी. नेट गेलं तर रांग तिथंच थांबते. पोच मिळेपर्यंत नोंद फोनमधून पुसायची नाही.

*३) प्रत्येक नोंदीला पावती नंबर.* कधी नोंद वर पोहोचते, पण पोच परत येताना नेट जातं. फोनला वाटतं गेलीच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. मग एकच पेपर दोनदा सोडवल्याचं दिसतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला फोननंच वेगळा नंबर द्यायचा. तोच नंबर पुन्हा आला तर सर्व्हर म्हणतो, हा आधीच जमा आहे.

*४) खोडायचं नाही, खाली जोडायचं.* ताईनं बाबांच्या फोनवर एक चाचणी दिली आणि मामाच्या फोनवर दुसरी. दोन्ही फोन नंतर नेटवर आले. आता कुठला निकाल खरा? दोन्ही. एकावर दुसरा लिहिला तर अभ्यास पुसला जातो. म्हणून प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र ठेवावा आणि एकूण निकाल त्यावरून काढावा.

*५) तुटलं तिथून पुढं.* २२ एमबीचा धडा २० एमबीला तुटला आणि पुन्हा शून्यापासून सुरू झाला, तर डेटाही जातो आणि इच्छाही. राहिलेला तुकडाच मागवायची सोय इंटरनेटच्या नियमांतच आहे, बनवणाऱ्यानं ती वापरायला हवी. उतरून झाल्यावर फाईल पूर्ण आणि धड आहे का, हेही ॲपनं तपासावं.

*६) योग्य वेळ पाहून काम.* 'वायफाय असेल आणि फोन चार्जिंगला असेल तेव्हाच मोठी फाईल उतरव' अशी अट अँड्रॉइडच्या 'वर्कमॅनेजर' मध्ये घालता येते. मात्र काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली कामं बंद पाडतात. म्हणून ॲपमध्ये 'आता पाठवा' असं ठळक बटणही ठेवावं.

*७) खरं सांगणारी पट्टी.* स्क्रीनवर साध्या मराठीत दिसावं : '१२ उत्तरं फोनमध्ये जपली आहेत, नेट आल्यावर जातील'. नुसतं फिरणारं चक्र किंवा लाल अक्षरातली इंग्रजी चूक पाहून पोरं घाबरतात आणि ॲपच काढून टाकतात. तसं झालं तर न गेलेली उत्तरंही पुसली जातात.

लॉगिन : खरी अडचण इथं

बऱ्याच ॲपचे धडे ऑफलाईन चालतात, पण दारातच कुलूप असतं. काही दिवसांनी ॲप आपोआप लॉगआउट होतं आणि ओटीपी मागतं. ओटीपी जातो बाबांच्या सिमवर, बाबा वावरात. किंवा रिचार्ज संपून नंबरच बंद झालेला. डाऊनलोड केलेले पन्नास धडे आत आणि पोरगं बाहेर.

म्हणून बनवणाऱ्यानं तीन गोष्टी पाळाव्यात. एकदा लॉगिन झालं की वाचन आणि सराव नेटशिवाय कायम उघडा ठेवावा. ओळख पुन्हा तपासायची असेल तर नेट असताना तपासावी. आणि एका फोनवर दोन-तीन मुलांची नावं ठेवता यावीत, म्हणजे भावाचे मार्क बहिणीच्या खात्यात पडणार नाहीत.

पैसे भरलेल्या ॲपचं आणखी एक. वर्गणी चालू आहे का हे दर वेळी नेटवर तपासत असेल, तर नेट नसताना भरलेले पैसे वाया. वर्गणीची शेवटची तारीख फोनमध्येच जपलेली असावी.

ऑफलाईनचे धोके आणि मर्यादा

सगळंच ऑफलाईन चालत नाही. त्याचंही भान हवं.

उत्तरतालिका फोनमध्येच असल्यामुळे हुशार पोरगं ती काढू शकतं. सरावाला हरकत नाही, कारण फसवणूक स्वतःचीच. पण बक्षीस किंवा निवड ठरवणारी परीक्षा अशी घेऊ नये.

फोनची तारीख-वेळ बदलता येते. 'चाचणी रविवारी संध्याकाळी सहापर्यंत' असं असेल तर फक्त फोनच्या घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही.

उतरवलेलं साहित्य शिळं होतं. अभ्यासक्रम बदलतो, परीक्षेची तारीख पुढं जाते, चालू घडामोडी तर रोज बदलतात. प्रत्येक धड्यावर 'शेवटचा बदल' ही तारीख दिसावी. आणि एका प्रश्नातली चूक सुधारायला अख्खं पुस्तक पुन्हा उतरवावं लागू नये, फक्त बदललेला भाग यावा.

जागेचाही प्रश्न आहे. ३२ जीबीच्या फोनमध्ये अर्धी जागा लग्नाच्या फोटोंनी आणि व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी भरलेली असते. ॲपनं विषयवार, पाठवार डाऊनलोड द्यावं आणि झालेले पाठ काढून टाकायची सोय ठेवावी. मार्कांची नोंद मात्र पाठ काढला तरी राहिली पाहिजे.

शाळेत एकच डबा, तीस फोन

प्रत्येक फोनला नेट देण्यापेक्षा शाळेतच छोटा 'सर्व्हर' ठेवायचा, हाही मार्ग आहे. 'कोलिब्री' हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच बनलं आहे. अमेरिकेतल्या 'लर्निंग इक्वॅलिटी' या ना-नफा संस्थेनं २०१२ मध्ये खान अकादमीचे धडे नेटशिवाय दाखवणारं 'केए लाईट' काढलं, त्याच अनुभवातून पुढं कोलिब्री आलं. ते जुन्या कॉम्प्युटरवर किंवा एटीएम कार्डाएवढ्या 'रास्पबेरी पाय' वर चालतं. धडे एकदाच भरायचे. मग मुलांचे फोन शाळेच्या वायफायला जोडायचे. बाहेरचं इंटरनेट शून्य, तरी धडे आणि चाचण्या चालतात, आणि कोण कुठं अडलं ते गुरुजींना दिसतं. असं छोटं यंत्र पॉवर बँकेवरही चालू शकतं, त्यामुळे लाईट गेली तरी तास पूर्ण होतो.

ज्या ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी खरोखर चालू आहे, तिथं आठवड्यातून एकदा नवं साहित्य उतरवून पेन ड्राईव्हनं शाळेत नेता येतं. पेन ड्राईव्ह हेही एक 'नेटवर्क' च आहे, फक्त सायकलवरून जाणारं.

कॉलेज किंवा क्लाससाठी 'मूडल' हा मोफत पर्याय आहे. त्यात शिक्षकानं परवानगी दिली तर चाचणी मोबाईल ॲपवर ऑफलाईन सोडवता येते आणि नंतर जमा होते. शब्दार्थ, सनावळ्या, कलमं पाठ करायची असतील तर 'अँकीड्रॉइड' हे मोफत कार्डांचं ॲप पूर्ण ऑफलाईन चालतं. आणि बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

गावातल्या पोरांनी सुरुवात कुठून करावी?

• पहिलं ॲप छोटं ठेवा. एक इयत्ता, एक विषय, १०० प्रश्न. तेवढ्यातही खूप शिकायला मिळतं.
• कोडिंग येत नसेल तर 'एमआयटी ॲप इन्व्हेंटर' मध्ये ठोकळे जोडून ॲप बनवता येतं. त्यातला 'टायनीडीबी' हा भाग उत्तरं फोनमध्येच साठवतो.
• प्रश्न शिक्षकांकडून तपासून घ्या. चुकीचं उत्तर एकदा शंभर फोनमध्ये ऑफलाईन गेलं की परत बोलावणं अवघड. खासगी प्रकाशकांच्या गाईडमधले प्रश्न उचलू नका.
• सगळ्यात स्वस्त फोनवर, रेंज नसलेल्या जागी नेऊन तपासा. ऑफिसच्या वायफायवर सगळीच ॲप चालतात.
• प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. नवीन वैयक्तिक खात्याला ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ती मंडळी आपल्याच गावातली निवडा.
• नाव, जन्मतारीख, आधार असं काही मागू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. सरावासाठी टोपणनाव पुरे.

पैसे भरण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा

कोणतंही अभ्यासाचं ॲप विकत घेण्याआधी मोफत भागावर पालकांनी एवढं करून पाहावं :

१. नेट असताना एक धडा आणि एक चाचणी डाऊनलोड करा.
२. फोन 'एअरप्लेन मोड' वर टाका.
३. धडा उघडतो का? चाचणी सुरू होते का?
४. पाच प्रश्न सोडवा आणि ॲप मध्येच बंद करून फोनही बंद-चालू करा. पाच उत्तरं जागेवर आहेत का?
५. चाचणी पूर्ण करा. निकाल आणि स्पष्टीकरण नेटशिवाय दिसतं का?
६. आता नेट सुरू करा. तोच निकाल एकदाच जमा झाला का, की दोनदा?

यातल्या चौथ्या पायरीला नापास झालेलं ॲप गावासाठी नाही, जाहिरात कितीही मोठी असो. विकणाऱ्यानं 'ऑफलाईन चालतं' असं सांगितलं तर त्याच्यासमोरच एअरप्लेन मोड लावून दाखवायला सांगा.

एक इशारा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल 'मोफत स्कॉलरशिप ॲप' म्हणून कधीही टाकू नका. पीएम किसान, वाहनाचं चलान अशा नावांनी आलेल्या एपीकेतून लोकांच्या खात्यातले पैसे गेल्याचे प्रकार घडले आहेत. अभ्यासाचं ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

लक्षात ठेवा

'असर' २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला असं सांगणारे होते ५७ टक्के, आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. रील तुटक नेटवरही चालावी म्हणून मोठ्या कंपन्या जिवाचं रान करतात. गणिताच्या पेपरसाठी तेवढी मेहनत घेणारे थोडे. ॲप बनवणाऱ्यानं एक आठवडा जास्त काम केलं तर हजार पोरांचे पेपर कोरे व्हायचे वाचतात. आणि तोवर रविवारी सकाळी, रेंज चांगली असताना, आठवड्याचे धडे आणि चाचण्या उतरवून ठेवायची सवय घरोघरी लावायला काहीच खर्च येत नाही.